‘दुसरा भाग पडला’ म्हणणाऱ्यांची उलटतपासणी

गुन्हेकथेचा दुसरा भाग आला की आमच्या बीड जिल्ह्यातला वाचक आधी निकाल देतो आणि मग, जमलंच तर, पुस्तक पुरं वाचतो. निकालही ठरलेला असतो: पहिल्याची सर नाही. हे अंबाजोगाईच्या प्राध्यापकांकडून ऐकलं, परळीच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या विमा एजंटाकडून ऐकलं, बीडच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या ठोकळ्याखाली कादंबरी दडवून वाचणाऱ्या पोरांकडूनही ऐकलं. एकाने तर विषयच मिटवला: दुसरा भाग म्हणजे चरकात पुन्हा घातलेलं चिपाड. उसाच्या जिल्ह्यात असं वाक्य लगेच खपतं. पण खपलेलं वाक्य खरंच असतं असं नाही. या एका वाक्याच्या आडोशाला चार-पाच निरनिराळ्या तक्रारी दाटीवाटीने उभ्या आहेत, आणि त्यांना पिंजऱ्यात उभं करून दोन प्रश्न विचारले की लक्षात येतं, बहुतेकींना पुस्तकाबद्दल काही म्हणायचंच नाही.

सगळ्यात मोठा आवाज धक्का न बसल्याचा. पहिल्या भागात शेवटी जो दणका बसला तो दुसऱ्यात बसला नाही, म्हणून दुसरा पडला. बरं. पहिला भाग हातात घेतला तेव्हा तुम्हाला त्या माणसाची ओळख नव्हती. तो काय करू शकतो, किती खोटं बोलू शकतो, कुणासाठी बोलू शकतो, काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या भागाला बसलात तेव्हा तुम्ही त्याच्या घरचे होऊन बसलात. आता तुम्हाला पुन्हा परक्यासारखं चकित व्हायचंय. ही मागणी कुठल्याही लेखकाला पुरी करता येणार नाही, आणि जो पुरी करायला जातो तो हमखास तोंडावर आपटतो; मेलेला माणूस जुळा भाऊ होऊन परत येतो, इन्स्पेक्टरच खुनी निघतो, वगैरे. धक्का हे पहिल्या भागाचं भांडवल. दुसऱ्या भागाचं भांडवल वेगळं आहे. पहिल्या भागात एक माणूस मेला होता, त्याचं पुढे काय झालं? तो मुडदा कुणाला आठवतो? कुणाची झोप उडाली? कोण साक्षीला उभं राहिलं, कोण फितूर झालं? गुन्हेकथेच्या दुसऱ्या भागाला विचारायचा प्रश्न हा आहे. मला तरी दुसरा कुठला रास्त वाटत नाही.

उदाहरण सगळ्यांनी पाहिलेलं घेतो, म्हणजे कुणी माहिती नसल्याची सबब सांगणार नाही. निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी ‘दृश्यम’ २०१५ साली आला. ‘डोंबिवली फास्ट’वाले कामत. ते ऑगस्ट २०२० मध्ये गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला दुसरा भाग अभिषेक पाठक यांनी केला. दोन्हींची मुळं जीतू जोसेफ यांच्या मल्याळी चित्रपटांत. गोष्ट गोव्यातली, माणसं साळगावकर आणि देशमुख, म्हणजे आपलीच. चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर आपल्या मुलीच्या हातून झालेली एका वरिष्ठ महिला पोलीस अधिकाऱ्याच्या मुलाची हत्या पचवतो, आणि त्याचं प्रेत बांधकाम चालू असलेल्या पोलीस ठाण्याच्या जमिनीत गाडतो. दुसरा भाग सात वर्षांनंतरचा.

या दुसऱ्या भागाबद्दल आमच्याकडे दोन तट पडले. एक म्हणाला, शेवटचा अर्धा तास कमाल आहे. दुसरा म्हणाला, पहिला तासभर काहीच घडत नाही, झोप लागली. गंमत अशी की दोघांनीही तो पहिला तास फुकट गेला असंच धरलं आहे. एकाने माफ केला, एकाने केला नाही, एवढाच फरक. माझ्या मते चित्रपटाचा खरा ऐवज त्या तासातच आहे. घर तेच आहे, पैसा आलाय, विजयने स्वतःचं थिएटर काढलंय. पण थोरली मुलगी अजून त्या रात्रीतून बाहेर आलेली नाही. पोलीस दिसले की तिची तब्येत बिघडते. बायको शेजारणीशी मन मोकळं करायला जाते आणि ती शेजारीण पोलिसांनी पेरलेली निघते. गावातले लोक, ज्यांनी पहिल्या भागात विजयची बाजू घेतली, तेच आता हॉटेलात बसून त्याच्या मुलीबद्दल वाटेल ते बोलतात. काहीच घडत नाही म्हणता? सात वर्षं एका घरात चौघांनी एक मुडदा सांभाळला, हे घडतंय. ज्याला हे घडणं वाटत नाही त्याने दुसऱ्या भागाच्या वाटेला जाऊ नये. पहिलाच पुन्हा पाहावा.

मग येतात कायद्याचे जाणकार. म्हणे दुसऱ्या भागात विजय करतो तशी फॉरेन्सिकमधून हाडं बदलणं शक्य आहे का? मुद्देमालाला सील असतं, पंचनामा असतो, नोंदवही असते. मान्य. माझ्या ओळखीतल्या फौजदारी वकिलांनी या जागी डोक्याला हात लावला आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ही तक्रार दुसऱ्या भागाचीच का? पहिल्या भागात एका केबलवाल्याने बसचा वाहक, हॉटेलवाला, लॉजवाला अशा परक्या माणसांच्या डोक्यातली तारीखच बदलून टाकली होती. २ ऑक्टोबरला तिथे नसलेला माणूस सगळ्यांना त्याच दिवशी दिसला. ते तुम्ही टाळ्या वाजवून गिळलंत. सीलबंद डब्यावर विश्वास आहे आणि माणसाच्या आठवणीवर नाही, असं असेल तर तसं स्पष्ट सांगा. मला तर आठवणीची अफरातफर हाडांच्या अदलाबदलीपेक्षा जास्त अवघड वाटते. जिथे साक्षीदाराला दोन वर्षांनी उलटतपासणीत शर्टाचा रंग विचारतात, तिथल्या माणसाने तरी हे मानावं.

त्यांच्याच शेजारी नीतीवाले बसलेले असतात. गुन्हेगार सुटतो हे दाखवलं की समाज बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. यांना माझा एकच प्रश्न: २०१५ मध्ये तुम्ही कुठे होता? पहिल्या भागातही विजय सुटलाच होता. तेव्हा तुम्हाला तो सज्जन बाप वाटला. दुसऱ्या भागाने त्याला सज्जनच ठेवलं, पण मेलेल्या मुलाच्या आई-बापांनाही समोर बसवलं. आता तेही केवळ वरिष्ठ पोलीस अधिकारी आणि तिचा नवरा उरलेले नाहीत. ज्यांना मुलाचे अंत्यसंस्कारही करता आले नाहीत अशी दोन माणसं आहेत. शेवटी मुलाची राख त्यांच्या हाती येते. तुम्हाला अस्वस्थ केलं ते यानेच. पहिल्या भागात तुम्ही बिनधास्त एका बाजूला होता; दुसऱ्याने तुमच्या मांडीवर दोन्ही बाजू आणून ठेवल्या. आणि या अस्वस्थपणाला तुम्ही ‘भाग पडला’ म्हणता.

आता जरा घराजवळ येतो, कारण आमच्या भागात या नीतीवाल्यांचा आवाज अलीकडे वाढला आहे. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली, आणि त्यानंतर बीडचं नाव महाराष्ट्रात ज्या सुरात घेतलं जाऊ लागलं तो सूर आम्हा सगळ्यांच्या कानात बसला आहे. खटला न्यायालयात आहे. त्याबद्दल इथे एक अक्षर लिहिणार नाही, आणि त्या घरावर कोसळलेलं दुःख कुठल्या कादंबरीच्या पारड्यात टाकण्याइतका मी निर्लज्ज नाही. पण तेव्हापासून एक बोलणं सर्रास ऐकू येतं: आपल्याकडे आधीच एवढं चाललंय, त्यात खुनाच्या कादंबऱ्या, त्यांचे भाग दोन आणि भाग तीन कशाला वाचता?

याचं उत्तर सौम्यपणे द्यायची इच्छा नाही. ज्यांच्या कमरेला हत्यार असतं ते वाचनालयाचे सभासद नसतात. खंडणी मागायला कुणी रहस्यकथा वाचून शिकलेला नाही. उलट, गुन्हा म्हणजे काय असतो हे पहिल्या दिवसाच्या गर्दीपलीकडे कुणी आपल्याला दाखवत असेल तर ती दुसऱ्या भागाची गोष्टच दाखवते. आपल्या जिल्ह्याचा अनुभव बघा. परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण २०१२ मध्ये एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर बाहेर आलं आणि देशभर गाजलं. कॅमेरे आले, मोर्चे निघाले, दवाखान्याला टाळं लागलं. सगळ्यांना वाटलं, गोष्ट संपली. न्यायालयाने डॉक्टरला दहा वर्षांची शिक्षा सुनावली ती २०१९ मध्ये. आणि जामिनावर सुटलेला तोच माणूस २०२० मध्ये परळीजवळ पुन्हा दवाखाना चालवताना सापडला. पहिल्या भागाला जी गर्दी होती तिच्यातले किती जण या दुसऱ्या भागाला हजर होते? बातमी आली, आम्ही ‘अरे, हा अजून आहे होय?’ म्हणालो आणि पान उलटलं. दुसऱ्या भागाचा कंटाळा येणं ही आपल्याकडे फक्त वाचनातली खोड नाही. तारखांना कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राहणाऱ्या फिर्यादीच्या घरच्यांना विचारा, पहिल्या महिन्यात किती जण सोबत येत होते आणि आता किती येतात.

तेव्हा बीडच्या वाचकाने गुन्हेकथेचा दुसरा भाग वाचू नये, हा सल्ला मला उलटाच वाटतो. कुणी वाचायलाच हवा असेल, तर आपण.

हे झालं खऱ्या गुन्ह्याचं. आता ‘पैशासाठी ओढलं’ म्हणणारे. यांच्याइतकं इतिहासाचं अज्ञान कुठल्याच तटाकडे नाही. आर्थर कॉनन डॉयलला शेरलॉक होम्सचा इतका वीट आला होता की १८९३ मध्ये त्याने त्याला धबधब्यात लोटलं. दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याला परत आणावं लागलं. वाचकांचा हट्ट होता आणि मोबदलाही भरघोस होता. दोन्ही खरं आहे. परत आलेल्या होम्सबद्दल एका नावाड्याने डॉयलला तोंडावर सांगितलं होतं की कड्यावरून पडून तो मेला नसेल, पण त्यानंतर पूर्वीचा राहिला नाही हे नक्की. हा किस्सा डॉयलने स्वतःच हसत हसत सांगून ठेवला. म्हणजे ‘पहिल्याची सर नाही’ हे मत सव्वाशे वर्षं जुनं आहे. आणि त्या पैशासाठी लिहिलेल्या पुनरागमनातल्या कथा आजही छापल्या जातात, वाचल्या जातात. लेखकाने पैसे घेतले म्हणून वाक्य वाईट होत नाही. आपल्याकडे लेखकाने पैसे घेतले की जीव कासावीस होतो. फुकट लिहिलेलं वाईट पुस्तक मात्र आपण सत्कार करून घेतो.

लेखकच बदललेल्या भागांची गोष्ट वेगळी, आणि ती सांगायला मला बीडसारखी दुसरी जागा सापडणार नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू होती, त्यामुळे त्या पिढीतले ब्राह्मण वकील आणि मराठा पाटीलही उर्दू अस्खलित वाचत. या मंडळींच्या हातात मार्च १९५२ पासून अलाहाबादहून निघणारी ‘जासूसी दुनिया’ पडली. लेखक इब्ने सफी, मूळ नाव असरार अहमद. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद. पुढे १९५५ पासून इम्रानची मालिका. लेखक १९५२ मध्येच कराचीला गेला, पण त्याची पुस्तकं अलाहाबादहून इकडे येतच राहिली. हिंदी आवृत्तीत फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश. त्यामुळे जुन्या बीडमध्ये एकाच गल्लीतली दोन पोरं एकाच कथेवर भांडत, एक विनोदच्या नावाने आणि दुसरं फरीदीच्या.

१९६० ते १९६३ इब्ने सफी आजारी होते, लिहिणं बंद. त्या काळात बाजारात नकलांचा पूर आला. कुणी एन. सफी, कुणी नजमा सफी, कुणी इब्बन सफी. नावात एक बारीक खूण इकडची तिकडे केली की भोळा वाचक फसायचा. मग १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ आलं. त्याचं भारतातलं प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं, आणि आठवड्याभरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. रहस्यकथेच्या प्रकाशनाला शास्त्रीजी! आपल्याकडे आज एखाद्या मंत्र्याला गुन्हेकथेच्या प्रकाशनाला बोलावलं तर त्याचे स्वीय सहायक आधी शीर्षक तपासतील.

१९८० मध्ये इब्ने सफी गेले. इम्रान राहिला. मुलतानचे मजहर कलीम यांनी तो पुढे नेला आणि शेकडो पुस्तकं लिहिली. इथून वाचकांची फूट पडली ती आजतागायत मिटलेली नाही. थोरले म्हणतात, हा इम्रान नाहीच. आमचा इम्रान बावळटाचं सोंग घेऊन समोरच्याला गाफील ठेवायचा, यांचा यंत्रं आणि संघटना घेऊन जग वाचवतो. धाकटे म्हणतात, तुमचा इम्रान संथ आहे. मी यात थोरल्यांच्या बाजूचा आहे, पण त्यांच्या कारणासाठी नाही. ‘मूळ लेखक नाही म्हणून नक्कल’ हे कारण आळशी आहे. खरं कारण आठवणीचं आहे. इब्ने सफीच्या जगात गुन्हेगार निसटून जातो आणि पुढच्या पुस्तकात परत येतो: संग ही येतो, थ्रेशिया येते. येताना जुना हिशेब घेऊन येतात. मागच्या वेळी कुणी कुणाला कसं फसवलं हे त्यांनाही ठाऊक, इम्रानलाही ठाऊक आणि आपल्यालाही. नव्या इम्रानच्या कथांमध्ये संकट दरवेळी आधीच्यापेक्षा मोठं होतं, पण मागे राहिलेलं काही उरत नाही. पुस्तक मिटलं की त्यातली माणसं धुतली जातात. दहावं पुस्तक आधी वाचा, मग दुसरं. काही बिघडत नाही. आणि ज्याचा क्रम बदलून काही बिघडत नाही त्याला पुढचा भाग म्हणण्यात अर्थ नाही.

याच मापाने मी आपल्या माणसालाही सोडणार नाही. बाबूराव अर्नाळकरांचं नाव हजाराहून अधिक रहस्यकथांसाठी गिनेस बुकात गेलं. तिथली नोंद १९३६ ते १९८४ या काळातल्या १०९२ पुस्तकांची. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. मराठी माणसाला वाचायची चटक लावणाऱ्यांत त्यांचा क्रमांक फार वर आहे आणि त्यांना साहित्याच्या ओसरीवरही बसू न देणाऱ्यांचा मला राग आहे. तरीही झुंजारच्या पुस्तकांची मालिका होते, दुसरा भाग होत नाही. झुंजार म्हातारा होत नाही, दमत नाही, मागच्या महिन्यातली गोळी त्याला पुढच्या महिन्यात दुखत नाही. त्याची गरजही नव्हती. महिन्याला अनेक पुस्तकं हवी असलेल्या वाचकाला ओळखीचा माणूस हवा होता, त्याचं आयुष्य नको होतं. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन आणि फिरोज इराणी असे नायक चालवले आणि मग ‘दुनियादारी’कडे वळले. का वळले याच्या कथा अनेक सांगतात. मला एवढंच दिसतं की माणसं बदलतात हे लिहायचं असेल तर न बदलणारा नायक कामाचा नसतो. तेव्हा दुसऱ्या भागाला नापास करायचं असेल तर या कारणासाठी करा की मुडदा विसरला गेला. हे कारण मी कोर्टात मान्य करीन.

आता जुना हिशेब न विसरलेला दुसरा भाग पाहा. ‘पॅपिलॉन’ मराठीत रवींद्र गुर्जर यांच्या अनुवादामुळे घरोघरी गेलं. आमच्या भागात ज्याने आयुष्यात तीन पुस्तकं वाचली त्यातलं एक बहुतेक वेळा हे. खुनाच्या आरोपाखाली १९३१ मध्ये जन्मठेप झालेला हेन्री शॅरियर समुद्रातून पळतो, पकडला जातो, पुन्हा पळतो. त्यात किती खरं, किती रचलेलं, यावर फ्रान्समध्ये १९७० पासूनच पुस्तकं निघाली. पण या माणसाने १९७२ मध्ये पुढचा भाग लिहिला, ‘बँको’, हे सांगितलं की आमचे पॅपिलॉनवेडे दचकतात. ज्यांनी तो वाचलाय ते म्हणतात, त्यात पळणंच नाही! अहो, पळून झालं होतं. माणूस सुटला आणि व्हेनेझुएलात आला. आता पैसा कसा मिळवायचा, बँकेखाली भुयार खणायचं की हॉटेल चालवायचं, आणि मुख्य म्हणजे ज्यांनी आपल्याला आत पाठवलं त्यांच्यावर सूड घ्यायची जी शपथ तुरुंगात घेतली होती तिचं काय करायचं. पॅपिलॉन त्या शपथेच्या जोरावर तग धरतो. बँकोत तो अखेर पॅरिसला जातो आणि सूड सोडून देतो. पहिला भाग वाचून जो त्या शपथेसाठी मुठी आवळून बसला होता त्याला हे मिळमिळीत वाटणारच. पण शपथेचं उत्तर न वाचता पहिल्या भागाला ‘आयुष्यातलं सर्वोत्तम पुस्तक’ म्हणणाऱ्याचं मत मी अर्धवटच धरतो. बँको पॅपिलॉनइतकं रंगतदार नाही, हे खरं. ते त्यापेक्षा प्रामाणिक आहे असं मला वाटतं, आणि यावर भांडायला मी तयार आहे.

उरला तो सगळ्यात सज्जन तट. हे लोक वाद ऐकून घेतात, चहा सांगतात आणि म्हणतात, जाऊ द्या हो, ज्याची त्याची आवड. यांच्याशी भांडणं सगळ्यात कठीण, कारण ते भांडतच नाहीत. पण वाचकांची मतं वेगळी असणं आणि सगळी मतं सारखी असणं या दोन गोष्टी नव्हेत. आमच्याकडच्या एका वाचनालयात मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकाची एक जुनी प्रत आहे. कोपरे गेलेले, पुठ्ठ्याला खाकी कागद, पाठीवर शाईने क्रमांक. पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, ‘खुनी मॅनेजर आहे, वेळ घालवू नका.’ त्याखाली निळ्या पेनने, ‘तुला कुणी विचारलं?’ मधल्या एका पानावर नुसतंच ‘भंगार’. त्याच्यासमोर वेगळ्या अक्षरात ‘झकास’. आणि शेवटच्या पानावर, बारीक, वळणदार, बहुधा एखाद्या कारकुनाच्या किंवा शिक्षिकेच्या हस्ताक्षरात: ‘इन्स्पेक्टरला ही पावती मिळाली कुठून? पान ८७ पाहा.’ पान ८७ उघडलं. पावती कोटाच्या खिशात होती आणि कोट त्या पानावर जळाला आहे.

‘भंगार’ आणि ‘झकास’ ही दोन्ही मतं आहेत, आणि ज्याची त्याची आवड म्हणून दोन्ही सोडून द्यावीत हेच बरं. पण पान ८७ वालं मत सोडून देता येत नाही. ते लेखकाला उत्तर द्यायला लावतं. त्या अनाम वाचकाने पुस्तक पुरं वाचलं, पहिला भागही वाचला असणार, जळालेला कोट लक्षात ठेवला आणि मग तोंड उघडलं. गुन्हेकथेचा वाचक असाच असायला हवा; तपास अधिकाऱ्यानेसुद्धा कोट लक्षात ठेवला नव्हता.

‘दृश्यम’च्या दुसऱ्या भागातही असा एक कोट आहे, हे मी विरोधकांना स्वतःहून देऊन टाकतो. विजय आपली गोष्ट कादंबरी म्हणून आधीच छापून ठेवतो आणि त्या छापील पुस्तकाचा कोर्टात उपयोग होतो, हा डाव कागदावर सुंदर आहे. पण सात वर्षं या माणसाच्या मागावर असलेल्या पोलिसांपैकी एकानेही ते पुस्तक चाळलं नाही? त्याचे वाचक कुठे होते? या प्रश्नाचं उत्तर चित्रपटाकडे नाही. दुसऱ्या भागावर खटला भरायचाच असेल तर हे कलम लावा. ‘पहिल्याची सर नाही’ हे कलम कुठल्याच संहितेत नाही.

म्हणून दोन मागण्या. जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या ग्रंथपालांना विनंती की दोन भागांची कादंबरी असेल तर दोन्ही भाग एका वेळी, एका नोंदीवर द्या. पहिला भाग परत येईपर्यंत दुसरा कपाटात धूळ खातो आणि मग वाचक आठवणीवर निकाल देतो. आणि वाचकांनो, दुसरा भाग पडला म्हणायचंय तर खुशाल म्हणा, फक्त पान क्रमांक सांगा. वाचनालयात एक वही ठेवायला सांगा आणि तिच्यात लिहा, पुस्तकावर नको. खुन्याचं नाव मात्र वहीतही लिहू नका.